ध्वनिक्षेपकाच्या शोधात

स्मरणिकेच्या संपादकांनी या वर्षी मला बजावून सांगितले की, कानाच्या रोगांवर पुष्कळ लिहून झाले, आता आपल्या छंदाविषयी लिहा. कान-नाक-घशाच्या डॉक्टराला ही आज्ञा शिरसावंद्य असायला हरकत नव्हती. पण माझा छंदही शेवटी कानापाशीच येऊन थांबतो, त्याला माझा इलाज नाही. घरी बसून गाणे ऐकण्यासाठी मनाजोगते ध्वनिक्षेपक, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत स्पीकर, मिळवण्यात माझी पंचवीसएक वर्षे गेली. या खटाटोपात मला थोडे पदार्थविज्ञान कळले, आणि माझ्याच व्यवसायातील एक साधी गोष्ट फार उशिरा कळली.

आमचे वडील, अण्णा, इंदूरच्या एका शाळेत गणित शिकवीत. गणिताखालोखाल त्यांना वेड गाण्याचे. माळव्यात त्या काळी गाण्याला काय तोटा! उस्ताद अमीर खाँ तर इंदूर घराण्याचेच, आणि तासाभराच्या अंतरावर देवासला कुमार गंधर्व. अण्णांचे दैवत कुमारजी. कुमारजींच्या आजाराची हकिगत आपल्या व्यवसायातील बहुतेकांना ठाऊक असेल. १९२४ साली बेळगावजवळ सुळेभावीला जन्मलेला हा अलौकिक मुलगा ऐन तारुण्यात क्षयाने अंथरुणाला खिळला, आणि कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीत देवासला आला. काही वर्षे गाणे पूर्ण बंद. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले आणि ते उठून बसले. पण एक फुप्फुस जवळजवळ कामातून गेले होते. त्यानंतरचे त्यांचे गाणे लहान लहान, धारदार स्वरवाक्यांचे, मध्येच स्तब्ध होणारे. त्यांच्या शैलीचे श्रेय फुप्फुसाला द्यावे की प्रतिभेला, या वादात मी पडत नाही. अण्णांचे म्हणणे इतकेच होते की, कुमारांचा श्वास हाही गाण्याचाच भाग आहे. "स्वर लागायच्या आधी श्वास ऐकू येतो. तो ऐकू आला की पुढे काय येणार याचा आपण अंदाज बांधतो. आणि तो अंदाज चुकवतात, ते कुमार."

१९७९ साली आमच्या घरी एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर आला. त्याच्या लहानशा स्पीकरमधून ना धड खर्ज निघत असे, ना धड तार षड्ज. अण्णा मात्र तृप्त असत. मीच असमाधानी होतो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात एका श्रीमंत मित्राकडे परदेशी यंत्रावर मी एकदा गाणे ऐकले होते, आणि तेव्हापासून डोक्यात हा किडा शिरला.

येथे थोडे थांबून स्पीकर म्हणजे काय ते सांगतो. आज आपण जो स्पीकर वापरतो, त्याची मूळ घडण १९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी सिद्ध केली, आणि शंभर वर्षांत तिच्यात तत्त्वतः फारसा बदल झालेला नाही. कायमच्या चुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे. त्यातून गाण्याचा विद्युत्प्रवाह खेळवला की ते पुढेमागे हलते. त्याला चिकटवलेला कागदाचा शंकू हलतो आणि शंकूसमोरची हवा हलते. बस्स, एवढेच.

आपल्या मंडळींना हे यंत्र ओळखीचे वाटावे, कारण हा उलटा कान आहे. कानात हवा कर्णपटलाला हलवते, पुढे हातोडी, ऐरण, रिकीब, आणि शेवटी विद्युत्संदेश. स्पीकरमध्ये विद्युत्संदेशापासून सुरुवात होऊन शेवट हवेत होतो. दोन्हीकडे अडचणही एकच, जड आणि हलक्याचा मेळ घालण्याची. हवेतील नाद थेट आतल्या कानातील द्रवावर आदळला असता तर हजारातील नऊशे नव्व्याण्णव भाग परत फिरला असता. म्हणून निसर्गाने मध्यकर्णाची तरफ बसवली. स्पीकरच्या शंकूला अशी तरफ नसते. जड शंकू हलक्या हवेला ढकलतो तेव्हा बहुतेक शक्ती वेटोळे तापवण्यातच जाते. घरगुती स्पीकरला दिलेल्या शंभर वॅटपैकी जेमतेम अर्धा ते एक वॅट नादाच्या रूपाने बाहेर पडतो. जुन्या ग्रामोफोनचा कर्णा हा या अडचणीवरचा उपाय होता. तो कर्णा हॉलएवढा मोठा केला तर आजही उत्तम चालतो, पण मग हॉलमध्ये कर्णाच राहील, आपण बाहेर.

१९८६ साली, स्वतःचा दवाखाना टाकल्याच्या पहिल्या वर्षाच्या बचतीतून, मी पहिली जोडी घेतली. कमरेएवढे उंच खोके, प्रत्येकात तीन-तीन स्पीकर, वरून चंदेरी कडा. कोणत्या कंपनीचे ते सांगत नाही. शेजारीपाजारी पाहायला आले. अण्णांनी अर्धा तास शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "डग्गा छान वाजतो. पण कुमार पिंपात बसून गातायत असं वाटतं रे."

अण्णांचे निदान अचूक होते. शंकू पुढे हलतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खोका नसेल तर खर्जाच्या स्वरांत हे दोन्ही परिणाम वळसा घालून एकमेकांना भेटतात आणि रद्द होतात. म्हणून मागची लाट कोंडण्यासाठी खोका लागतो. परंतु कोंडलेली लाट खोक्याच्या फळ्याही हलवते. पातळ फळीचा मोठा खोका स्वतःच गाऊ लागतो, आणि तेही नेमके पुरुषाच्या आवाजाच्या पट्ट्यात. तंबोऱ्याचा भोपळा गायला हवा, स्पीकरचा खोका मात्र मुका हवा.

या प्रश्नावरचा सर्वांत सुंदर तोडगा काढला तो एडगर व्हिल्चर या अमेरिकन गृहस्थांनी. हे शिक्षणाने अभियंते नव्हते, कलेच्या इतिहासाचे विद्यार्थी होते. इलेक्ट्रॉनिक्स शिकले ते युद्धकाळात लष्करात. त्यांच्या आधी चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढा खोका लागे. व्हिल्चर यांनी विचार केला की, शंकूला मागे खेचणारी ताठ किनार ही स्प्रिंग म्हणून सदोष आहे. त्यापेक्षा किनार अगदी सैल ठेवावी आणि हवाबंद लहान खोक्यात कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम द्यावे. हवेची स्प्रिंग अधिक प्रामाणिक असते. १९५४ साली या तत्त्वावरचा त्यांचा एआर-१ हा स्पीकर बाजारात आला, आणि पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या खोक्यातून खरा खर्ज निघू लागला. पुढे त्यांच्या कंपनीने जाहीर कार्यक्रम केले: व्यासपीठावर तंतुवाद्यवादकांचे चौकट प्रत्यक्ष वाजवीत असे, मध्येच वादक नुसते गज फिरवीत आणि आवाज स्पीकरमधून येई. कोठे बदल झाला ते श्रोत्यांना सहजी ओळखता येत नसे. या व्हिल्चरांकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

दुसरी जोडी १९९४ सालची. आयातीवरची बंधने सैल झाली होती, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून विलायती माल मिळू लागला होता. तेथील दुकानदाराने मला दोन जोड्या ऐकवल्या. महागडी जोडी उघडच सरस वाटली, आणि मी पैसे मोजले. पुष्कळ वर्षांनी कळले की, दोन स्पीकरांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले आहे की आवाज हळू असताना कान खर्जाला कमी दाद देतो आणि आवाज वाढला की खर्ज भरतो. दुकानदाराचा अंगठा आवाजाच्या बटणावर होता हे माझ्या लक्षात यायला हवे होते. औषध कंपनीच्या प्रतिनिधीपुढे मी इतका भोळा नसतो.

स्पीकर मात्र वाईट नव्हते. खोके भक्कम होते, आवाज मोकळा होता. पण राजेंद्रनगरच्या आमच्या घरात ते लावले आणि तंबोरा घोंगावू लागला. म्हणजे असे की, तंबोऱ्याचे चार सूर सारख्या वजनाने यायला हवेत. त्यातील खर्ज आणि पंचम अंगावर धावून येत, आणि मधली जोड मागे राहत असे. मी अँप्लिफायर बदलला. जाड तारा आणल्या. खोक्यांखाली अणकुचीदार लोखंडी पाय बसवले, त्यामुळे फरशीला चरे पडले आणि घरात दोन दिवस अबोला झाला. घोंगावणे तसेच.

कोडे सोडवले ते गणिताच्या शिक्षकांनीच. एका पुस्तकात मला खोलीच्या अनुनादाचे सूत्र मिळाले होते. समोरासमोरच्या दोन भिंतींत नाद येरझारा घालतो. ज्या स्वराची अर्धी लांबी खोलीत नेमकी बसते, तो स्वर आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेचे स्वर त्या खोलीत फुगतात. हिशेब सोपा आहे: ध्वनीचा वेग भागिले खोलीच्या लांबीची दुप्पट. आमची बैठकीची खोली १६ फूट लांब आणि ११ फूट रुंद. अण्णांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडेमोड मांडली. लांबीचा पहिला अनुनाद ३५ हर्ट्झ, दुसरा ७० हर्ट्झ. रुंदीचा पहिला ५१, दुसरा १०३. मग त्यांनी विचारले, "काळी एक म्हणजे किती?" मी म्हटले, साधारण १३९ हर्ट्झ. त्यांनी लिहिले: जोड १३९, खर्ज त्याच्या निम्मा, ६९, मंद्र पंचम १०४. दोन्ही रकाने शेजारी ठेवून ते माझ्याकडे पाहत राहिले. आमच्या खोलीची लांबी खर्जाला आणि रुंदी पंचमाला मिळालेली होती. गवंड्याने न कळत काळी एकची खोली बांधली होती! जोडीच्या १३९ हर्ट्झजवळ मात्र या चारपैकी कोणताही अनुनाद पडत नव्हता.

खोली पाडता येत नाही, पण अनुनादाचे स्थान ठरलेले असते, हा त्यातला दिलासा. भिंतीलगत तो सर्वांत जास्त असतो. दुसऱ्या अनुनादात खोलीच्या मध्यावर तो पुन्हा उसळतो, आणि लांबीच्या पाव व पाऊण अंतरावर जवळजवळ नाहीसा होतो. आमचा सोफा, कोणत्याही मराठी घरातल्यासारखा, पाठ टेकून भिंतीला लावलेला, म्हणजे नेमका खर्जाच्या उकळीत. अण्णांनी खुर्ची मागच्या भिंतीपासून चार फूट पुढे घेतली. रुंदीच्या बाबतीत खुर्ची मध्यावरून हलवली असती तर डाव्या-उजव्याचा तोल गेला असता; म्हणून तेथे स्पीकर हलवले, दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून पावणेतीन फुटांवर. ज्या जागी अनुनाद शून्य, त्या जागी ठेवलेला स्पीकर त्या अनुनादाला चेतवू शकत नाही. शिवाय आपल्याकडच्या खोल्या म्हणजे मोझाइकची फरशी आणि उघड्या भिंती. टाळी वाजवली तर छणछण ऐकू येते. तेव्हा खाली सतरंजी, समोर पुस्तकांचे उघडे कपाट आणि मागच्या भिंतीवर आईची गोधडी. एकूण खर्च शून्य. त्या संध्याकाळी तंबोऱ्याचे चार सूर प्रथमच चार भावंडांसारखे आले.

घरातील आवाजाबद्दल तक्रार असणाऱ्या वाचकांनी स्पीकर बदलण्यापूर्वी निदान खुर्ची हलवून पाहावी, एवढे सुचवतो. आठवडाभर ऐकून मगच खिशात हात घालावा.

आता खरे तर येथे थांबायला हवे होते. पण साधारण २००० सालानंतर अण्णांनी एक नवी तक्रार सुरू केली. "आवाज आहे, मोठा आहे, स्वच्छसुद्धा आहे. पण श्वास ऐकू येत नाही." मला तर तो ऐकू येत होता. तरी मला वाटले, या माणसाने कुमारजींना दहा हातांवरून ऐकले आहे; त्यांच्या कानाला जे खटकते ते खरेच असणार. एकदा ते पिंपाबद्दल बरोबर ठरले होते, एकदा घोंगावण्याबद्दल. तिसऱ्यांदा चुकतील कसे?

म्हणून २००३ साली तिसरी जोडी. या वेळी मी शहाणपणाने वागायचे ठरवले. मानवी आवाजासाठी जगात नावाजलेला स्पीकर कोणता याचा शोध घेतला, आणि उत्तर आले: बीबीसीचा एलएस३/५ए. १९७० च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी तो आपल्या बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी तयार केला. गाडीत जागा थोडी, म्हणून खोका जेमतेम फूटभर उंच; आत केईएफ कंपनीचे दोन लहान स्पीकर. तो बांधण्याचा परवाना बीबीसी निरनिराळ्या कंपन्यांना देत असे. बीबीसीची परीक्षेची पद्धत मला फार आवडते. स्टुडिओत माणूस बोलत असे, शेजारच्या खोलीत स्पीकर. अभियंता या खोलीतून त्या खोलीत जाई आणि दोन्ही आवाज ताडून पाही. ज्या माणसाचा आवाज ओळखीचा आहे तो स्पीकरमधून त्याच माणसाचा वाटतो का, एवढीच कसोटी. आपले कान जन्मापासून ज्या एका वाद्यात तरबेज झालेले असतात, ते वाद्य म्हणजे माणसाचा गळा. त्यातली खोट लपत नाही.

इंग्लंडात स्थायिक झालेल्या माझ्या एका वर्गमित्राने जुनी जोडी मिळवून सामानातून आणली. हे लहानसे खोके पाहून अण्णा म्हणाले, "एवढ्याशा डब्यात खर्ज कुठून येणार?" प्रश्न रास्त होता. ६९ हर्ट्झचा खर्ज हा स्पीकर पूर्ण ताकदीने देऊच शकत नाही. पण तंबोऱ्याच्या जवारीमुळे एकेका तारेतून उपस्वरांची रांग निघते, ज्यावर सर सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या सुमारास लेखन केले आहे. खर्जाचे १३९, २०८, २७७ हर्ट्झचे उपस्वर कानी पडले की मेंदू त्यांतील समान अंतर ओळखतो आणि नसलेला पाया स्वतः भरून काढतो. खर्ज ऐकू येतो; फक्त छातीत जाणवत नाही.

या वेळी मी अण्णांच्या मतावर विसंबलो नाही. औषधांच्या चाचणीत आपण जे करतो तेच केले. दोन जोड्या पलंगपोसामागे ठेवल्या, दोन्हींचा आवाज मीटरने सारखा केला, कोणती वाजते आहे ते कोणालाच न सांगता पाच डॉक्टर मित्रांना ऐकवले. अशा चाचण्यांचे मोल कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी दाखवून दिले. पुढे १९९४ साली त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर त्याच श्रोत्यांना एकदा उघड आणि एकदा पडद्याआड ऐकवले, तेव्हा गुणांकन बदलले. मोठा, देखणा, महाग खोका दिसला की कानाला तो गोड लागतो. रंगीत कॅप्सूलचा गुण पांढऱ्या गोळीला येत नाही, तसेच.

आमच्या पाच डॉक्टरांपैकी चौघांनी गाण्यासाठी लहान डबे पसंत केले. पाचवे भूलतज्ज्ञ, ते तेवढ्यात झोपी गेले होते. अण्णांचा कौल मात्र एकदा हा, एकदा तो, असा फिरत राहिला, आणि शेवटी तेच वाक्य: "श्वास नाही."

मी चौथ्या जोडीची चौकशी सुरू केली. सांगायला लाज वाटते, पण खरे आहे.

२००५ च्या पावसाळ्यात टूल यांच्या १९८० च्या दशकातील संशोधनाविषयी वाचताना एके ठिकाणी थबकलो. ज्यांचे कान निरोगी आहेत अशा श्रोत्यांचे स्पीकरविषयीचे मत पुन्हा पुन्हा विचारले तरी फारसे बदलत नाही. ज्यांच्या श्रवणशक्तीत उणेपणा आहे त्यांचे मत मात्र चाचणीगणिक हेलकावे खाते, असे त्यांना आढळले होते. पुस्तक मिटवले. शेजारच्या खोलीत अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. मी दारातून हळू आवाजात, त्यांना माझे तोंड दिसणार नाही असा उभा राहून, म्हटले, "अण्णा, चहा घेणार?" उत्तर आले नाही.

वीस वर्षे मी दररोज लोकांचे कान तपासत होतो. घरात ७७ वर्षांचे वडील होते. त्यांचे कान मी एकदाही तपासले नव्हते, कारण ते माझ्या मते इंदूरमधील सर्वांत तीक्ष्ण कान होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेऊन श्रवणालेख काढला. ५०० हर्ट्झला २० डेसिबल, म्हणजे ठीक. २००० ला ४०. ४००० ला ६५. ८००० ला ८०. दोन्ही कानांत सारखा उतार. वार्धक्यजन्य बधिरतेचे पाठ्यपुस्तकातील चित्र.

श्वासाचा आवाज म्हणजे सूर नसलेली सळसळ. स, श, फ या अक्षरांची बहीण. तिचे कानाला उपयोगी पडणारे बळ बरेचसे २००० हर्ट्झच्या वर असते, आणि तेही मंद. उतरत्या श्रवणालेखाच्या माणसाला स्वर ऐकू येतात, तंबोरा येतो, डग्गा तर उत्तम येतो. श्वास आधी जातो. आवाज वाढवून उपयोग नसतो, कारण आतल्या कानातील केशपेशी निकामी झालेल्या असल्या की मंद आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच किंवा अधिकच टोचतो. आपण याला रिक्रूटमेंट म्हणतो. रुग्ण "मोठ्याने बोला" म्हणतो आणि मोठ्याने बोलले की "ओरडता कशाला?" म्हणतो. अण्णांचे "आवाज मोठा आहे, पण श्वास नाही" हे वाक्य म्हणजे याहून वेगळे काय होते? अनोळखी रुग्णाने ते उच्चारले असते तर अर्ध्या मिनिटात निदान केले असते. वडिलांनी उच्चारले, म्हणून मी स्पीकर विकत घेतला.

अण्णांनी श्रवणालेख हातात घेऊन पाहिला. आलेख वाचणे त्यांना शिकवावे लागले नाही. "म्हणजे तुझ्या स्पीकरचा दोष आता माझ्या कानावर ढकलतोस?" असे म्हणाले, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता पुन्हा एडगर व्हिल्चर. या गृहस्थांनी १९६७ साली आपली स्पीकरची कंपनी विकली आणि उरलेले आयुष्य श्रवणयंत्रांच्या संशोधनाला दिले. त्या काळची श्रवणयंत्रे सगळेच आवाज सारखे मोठे करीत, त्यामुळे रिक्रूटमेंट असलेला रुग्ण ती खिशात ठेवणेच पसंत करी. व्हिल्चर यांनी १९७३ साली असे मांडले की, नादाचे खालचा आणि वरचा असे पट्टे वेगळे करावेत, आणि प्रत्येक पट्ट्यात मंद आवाज पुष्कळ वाढवावा, मोठा आवाज थोडाच. म्हणजे नादाचा मोठा पल्ला रुग्णाच्या आकसलेल्या पल्ल्यात बसेल. या कल्पनेचे त्यांनी पेटंट घेतले नाही. ती सर्वांसाठी मोकळी ठेवली. आज आपण जी श्रवणयंत्रे लिहून देतो, त्यांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. उत्तम स्पीकर केल्यावर उत्तम कानाशिवाय तो अपुरा आहे, हे या माणसाने फार पूर्वी ओळखले होते. मी त्यांच्या स्पीकरविषयी वाचत बसलो, आणि श्रवणयंत्रे रोज लिहून देत असूनही त्यांचे नाव त्या बाजूने मला ठाऊक नव्हते.

२००६ च्या आरंभी अण्णांना दोन्ही कानांना यंत्रे बसवली. पहिला अनुभव विनोदी म्हणावा की करुण? कुमारजींची रेकॉर्ड लावली, दोन मिनिटांत अण्णा म्हणाले, "तंबोरा बंद का केलास?" तंबोरा वाजतच होता. झाले असे की, श्रवणयंत्रात सततचा एकसारखा आवाज हा गोंगाट समजून दाबण्याची सोय असते. संभाषणाच्या दृष्टीने ती फार उपयुक्त. त्या यंत्राने बिचाऱ्या तंबोऱ्याची गणना पंख्याच्या घरघरीत केली होती. दुसरी सोय यंत्राची शीळ थांबवण्याची. लांबलेला स्थिर स्वर आला की तिला वाटते शीळच वाजते आहे, आणि ती तो स्वर खोडायला धावते. कुमारांचा तार षड्ज त्यामुळे थरथरत होता. दोन्ही सोयी बंद ठेवलेला, गाण्यासाठीचा वेगळा कार्यक्रम यंत्रात भरून घ्यावा लागला. आपल्याकडे संगीत ऐकणारा वृद्ध रुग्ण आला तर हे जरूर विचारावे. तो "यंत्र नको" म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याचा तंबोरा हरवलेला असतो.

कान नव्या आवाजांना रुळायला दीडदोन महिने गेले. तोवर त्यांना वर्तमानपत्राची सळसळ, नळाचे ठिबकणे, भाजीतील फोडणी अशा बारा गोष्टी नव्याने ऐकू येऊ लागल्या होत्या, आणि त्यांतील निम्म्यांबद्दल तक्रारही होती. एका रविवारी सकाळी भिंतीपासून चार फुटांवरच्या त्या खुर्चीत ते बसले. मी रेकॉर्ड लावली. तंबोरा सुरू झाला. स्वर लागायच्या आधी अण्णांनी हात वर केला, वर्गात मुलांना गप्प करताना करीत तसा. काही क्षणांनी म्हणाले, "आला."

रेकॉर्डची ती बाजू संपेपर्यंत आम्ही दोघे बोललो नाही. मग अण्णांनी विचारले, "ते मधले, मुंबईहून आणलेले मोठे स्पीकर कुठे आहेत रे?" ते मी भाच्याला देऊन टाकले होते, भंवरकुआँजवळच्या त्याच्या कोचिंग क्लासात त्यांवरून रसायनशास्त्र शिकवले जात होते. अण्णांच्या हट्टामुळे त्याच संध्याकाळी ते रिक्षात घालून आणावे लागले. पावणेतीन फुटांच्या जुन्या खुणा फरशीवर होत्याच. त्यांवर ठेवले, तीच बाजू पुन्हा लावली. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकले, चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हेसुद्धा बरे होते की."